स्वयंसेवकाने फायर टेंडर चालवायचा तर कोणतं लायसन्स लागतं?

प्रश्न: बुटीबोरीतल्या कारखान्याच्या अग्निशमन पथकात स्वयंसेवक आहे. ४,५०० लिटर टाकीची गाडी आहे. कारचं लायसन्स चालेल का?

उत्तर १: नाही भाऊ. पाणीच साडेचार टन; चेसिस, पंप, माणसं धरून एकूण वजन ७,५०० किलोच्या वर जातं, म्हणजे कारचं, हलक्या वाहनाचं लायसन्स इथे चालत नाही. फायर टेंडर परिवहन वाहनात मोडतो, म्हणून परिवहन वाहनाचं लायसन्स लागतं. वय किमान २०, कारचं लायसन्स निदान वर्षभर जुनं, मग शिकाऊ परवाना. नमुना १-अ वर डॉक्टरांचा दाखला, नमुना ५ वर ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, शिकाऊ परवान्याला ३० दिवस झाले की आरटीओत चाचणी. दर ५ वर्षांनी नूतनीकरण. तारीख चुकली नि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते. पगार मिळत नाही म्हणून सूट नाही.

उत्तर २: सायरनने रस्ता मिळतो, परवाना मिळत नाही.

उत्तर ३: लायसन्स हातात आलं म्हणून लगेच कॉलवर निघू नका. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट. वळणावर पाणी एका बाजूला धावतं, स्टिअरिंग सरळ केल्यावरही गाडी झुकलेलीच राहते. म्हणून टाकी एकतर पूर्ण भरा, नाहीतर रिकामी ठेवा, नि वेग वळणाच्या आधीच उतरवा. पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला देणारी जोडणी) लावताना गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबलेला. घाईत लावला तर गिअरचे दात जातात.