मदत हवी आहे : पंथ सोडला, आता मानायचं काय?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. बारा वर्षं एका कडक पंथात होते, दीड वर्षापूर्वी बाहेर पडले. तिथे देवळात जाणं, प्रसाद खाणं, अगदी घरच्या लग्नात अक्षता टाकणंसुद्धा पाप. वडिलांच्या तेराव्याला मी ओट्यावरच बसून राहिले. ते अजून सलतं.

यंदा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आमच्या ग्रामदैवताच्या जत्रेला, आई मला सिद्धेश्वराला घेऊन गेली. संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, सात नंदीध्वज म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या भक्तांची गर्दी, ‘हर्र बोला हर्र’चा गजर. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या मुठीतल्या घामाने तळव्याला चिकटल्या, हात उचललाच नाही. रडू आलं, पण ते भक्तीचं की भीतीचं, कळेना.

पंथातलं सगळंच खोटं होतं असंही वाटत नाही. पहाटेचं मौन मला आजही हवंसं वाटतं. पण एका गुरूचं सोडून लगेच दुसऱ्याचं धरायचं नाही, एवढं पक्कं आहे.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? काय ठेवायचं, काय टाकायचं, हे कसं ठरवलंत? आणि सात वर्षांची लेक ‘देव आहे का गं?’ विचारते, तिला काय सांगू?