माझूच्या दारातला समुद्र गेला, मग जपलं काय?

सारंगा: सिंगापूरच्या तेलोक आयर स्ट्रीटवर थियान हॉक केंग हे माझूचं, म्हणजे चिनी दर्यावर्दींच्या समुद्रदेवीचं देऊळ आहे. चीनच्या फुजियान प्रांतातून आलेले होक्किएन लोक किनाऱ्याला लागले की आधी इथे उदबत्त्या लावायचे, सुखरूप पोचवलंस म्हणून. १८३९ ते १८४२ मध्ये आजची वास्तू उभी राहिली, तेव्हा समुद्र समोरच होता. १८८० च्या दशकात इंग्रजांनी भराव टाकला आणि आता दारात उभं राहिलं की ऑफिसांचे टॉवर दिसतात. १९७३ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून वास्तूला संरक्षण मिळालं. पण ज्याच्यामुळे देऊळ इथे आलं तो समुद्रच नाही. मला हे अर्धंमुर्धं जतन वाटतं.

दर्यावर्दी: अजिबात पटलं नाही. माझूची कथाच बघा. दहाव्या शतकातली, फुजियानजवळच्या मेइचौ बेटावरची लिन मो नावाची मुलगी, तीच पुढे माझू झाली. वडील आणि भाऊ वादळात सापडले तेव्हा ती घरी होती, आणि ध्यानात जाऊन तिने त्यांना तारायचा प्रयत्न केला असं सांगतात. तिच्या दोन सेवकांपैकी एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं. अशा देवीला चार टॉवर आडवे येतात होय?

सारंगा: देवीला नसतील येत. माणसांना येतात! नव्याने आलेल्याला हे देऊळ नेमकं इथेच का, हे कळायला काही उरलेलं नाही.

सुतारपक्षी: मी तिसरंच म्हणतो. तुम्ही दोघं समुद्रावरून भांडताय, पण छताखाली मान वर करून उभं राहा एकदा. तुळया, कंगोरे, ड्रॅगन, सगळी लाकडं एकमेकांत खाचा देऊन बसवलेली, खिळे न वापरता. बाहेरचे लोखंडी कठडे मात्र ग्लासगोहून आणलेले. १९९८ ते २००० मध्ये मोठा जीर्णोद्धार झाला, त्यासाठी चीनमधून कारागीर आणले आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्याची दखल घेतली. ती हातातली विद्या टिकली, हे जतन नाही तर काय? मला खटकतं ते वेगळंच. चीनच्या सम्राट क्वांगशूने १९०७ मध्ये दक्षिण सागर शांत राहो अशा अर्थाची अक्षरं पाठवली, ती मूळ गुंडाळी संग्रहालयात आहे. ती देवीपाशीच हवी होती.

दर्यावर्दी: उदबत्तीच्या धुरात जुना कागद ठेवायचा? तिथे वर्षभरही टिकणार नाही. संग्रहालयच योग्य.

तेलोककर: मी इथेच राहते. सारंगाची बाजू घेते, पण कारण निराळं. थोड्याच अंतरावर नागोर दर्गा आहे, १८२८ ते १८३० मध्ये तमिळ किनाऱ्यावरून आलेल्या चुलिया मुसलमानांनी बांधलेला. एकाच किनाऱ्यावर उतरलेल्या दोन समाजांनी शेजारी शेजारी आभार मानले. किनारा पुसला की हे शेजारपण योगायोग वाटायला लागतं. देवळाच्या मागे अमोय स्ट्रीटकडच्या भिंतीवर स्थलांतरितांच्या कष्टांचं लांबलचक चित्र आहे. छान आहे, पण ते मागच्या बाजूला! दर्शनाला आलेला माणूस पुढच्या दाराने येतो.

सारंगा: अगदी हेच. रस्त्याच्या फरसबंदीत जुन्या किनाऱ्याची ठळक दगडी रेघ आखा, देवळापासून दर्ग्यापर्यंत.

दर्यावर्दी: रेघेला विरोध नाही. पण तेवढ्यावरून देऊळ अर्धं म्हणू नका. तिथे आजही रोज पूजा होते, लोक हात जोडून काहीतरी मागतात. ते समुद्र शोधत आलेले नसतात.