‘आधार लिंक आहे’ आणि ‘आधार सीड आहे’ : मराठीत फरक दाखवायचा कसा? (शब्दांवरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मसुदा
पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघासाठी सूचनाफलकाचा मजकूर मराठीत करायचा आहे. विषय संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या राज्य सरकारच्या योजनांचं दरमहा अनुदान. इंग्रजी मजकुराचा मथितार्थ असा की खातं आधारशी ‘लिंक’ असून भागत नाही, ते ‘सीड’ असलं पाहिजे. लिंकसाठी ‘जोडलेले’ आणि सीडसाठी ‘संलग्न’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी दोन्हीखाली लाल रेघ ओढून शेरा दिला : ‘जोडलेले म्हणजेच संलग्न. वाक्य निरर्थक.’ शेरा बरोबरच आहे. सरकारी मजकुरातही ‘लिंक’, ‘संलग्न’, ‘सीडिंग’ सर्रास एकाच अर्थाने येतात. सुचवा काहीतरी. फलक दोन फुटी आहे, अक्षरं मोठी हवीत, खुलाशाला जागा नाही.

वहीखाते
आधी व्यवहार बघा, मग शब्द. केवायसीसाठी तुम्ही आधार देता, बँक तो स्वतःच्या नोंदीत घेते. हे झालं लिंक. असं चार बँकांत करता येतं. सीडिंगमध्ये बँक तुमची लेखी संमती घेऊन एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मॅपरमध्ये नोंद टाकते. मॅपर म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेकडे पाठवायचे त्याची यादी. तिथे एका आधारापुढे एकच बँक राहते, नवी नोंद आली की जुनी जाते. म्हणून खाजगी बँकेत नवं खातं उघडताना फॉर्मवरच्या त्या चौकोनात न वाचता खूण केली, की पैसे तिकडे जातात आणि माणूस जुनं पासबुक घेऊन भरायला उभा. पासबुकात काही नाही, म्हणजे ‘अनुदान बंद झालं’ अशी समजूत.

नारायण पेठी
मग ‘संलग्न’ काय वाईट? संलग्न आणि लग्न, धातू एकच, ‘लग्’. केवायसी म्हणजे ओळखदेख, ती चार घरी असते. सीडिंग म्हणजे लग्न. एकाशीच.

वहीखाते
आणि नवं केलं की जुनं आपोआप मोडतं, पहिल्या घरी न कळवता. उपमा पुढे नेऊ नका.

पाभर
शेतीकडे बघा की! सीड म्हणजे पेरणं. पण पेरणीत बी ओळीने सांडत जातं, इथे तसं नाही. मका, भुईमूग टोकतात तेव्हा एका खड्ड्यात मोजून एक-दोन बिया. आधार टोकणे! ‘आपला आधार कोणत्या बँकेत टोकला आहे?’ शब्द आहे, अर्थ चपखल आहे, उसनवारी नाही.

नारायण पेठी
पुण्यात ‘टोकलं’ म्हटलं की आजोबा आधी विचारतील, कोणी टोकलं आणि कशावरून.

पाभर
ते हिंदीतलं ‘टोकना’. त्याच्यापायी आपलं टोकणं सोडायचं?

तळटीप
इंग्रजी शब्दाचा पेरणीशी संबंध इतका थेट घेऊ नये. प्रशासनात ‘सीडिंग’ म्हणजे कुठल्याही योजनेच्या यादीत माणसाच्या नावापुढे आधार क्रमांक बसवणं. रेशनच्या यादीत सीडिंग असतं, रोजगार हमीच्या जॉबकार्डालाही असतं. म्हणजे निराधारच्या पैशांसाठी आधार दोन ठिकाणी लागतो, तहसीलच्या यादीत आणि मॅपरमध्ये. यादीतला एक आकडा चुकला तर मॅपर कितीही बरोबर असो, पैसे अडकतात. या दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे बँक सांगते ‘आमच्याकडे झालंय’, तहसीलची संगांयो (संजय गांधी योजना) शाखा सांगते ‘आमच्याकडे झालंय’, आणि दोघंही खरं बोलत असतात. माझं मत : यादीत ‘नोंद’, बँकेत ‘जोडणी’, मॅपरला ‘मॅपिंग’. तीन कामं, तीन शब्द.

वहीखाते
आणखी एक मेख. मॅपरमध्ये खाते क्रमांक नसतोच. आधार क्रमांक आणि बँकेचा ओळख क्रमांक, एवढंच. पैसे आल्यावर कोणत्या खात्यात टाकायचे ते बँक आपल्या नोंदीवरून ठरवते. त्यामुळे एकाच बँकेत दोन खाती असतील तर ‘माझं हे खातं संलग्न आहे’ हे एनपीसीआयला माहीतही नसतं. ‘आधार संलग्न खाते’ हा शब्द मुळातच ढिला आहे. माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा, बँकेचं नाव दिसतं आणि सक्रिय आहे की नाही ते दिसतं. खाते क्रमांक शोधत बसू नका.

जुन्या हिशेबातला शब्द हवा असेल तर ‘खतावणी’. बँकेची आपली नोंद ती कीर्द (रोजच्या नोंदींची वही), मॅपर ती खतावणी (खातेवार वही).

तळटीप
खतावणीत मागची नोंद पुसून नवी लिहिली तर लेखापरीक्षक धरेल. आणि पन्नाशीखालचे किती जण कीर्द ओळखतात?

मुळाक्षर
मराठीत यासाठी क्रियापद केव्हाचंच आहे : वळते करणे. पैसे जिकडे वळतात ते ‘वळतं खातं’. ‘आपले अनुदान ज्या बँकेत वळते होते ती बँक.’ सीड नको, लिंक नको, संलग्न नको.

वहीखाते
थांबा. सहकारी बँकेत ‘वळते केले’ म्हणजे कापून घेतले. हप्ता पगारातून वळता होतो, थकबाकी ठेवीतून वळती होते. फलकावर ‘अनुदान वळते होईल’ वाचून निम्मे लोक शाखेत भांडायला जातील की आमचे पैसे कर्जात का घालता.

मुळाक्षर
तो बँकांनी लावलेला अर्थ. ओढ्याचं पाणी वळवतात, गुरं वळतात, त्यात कापाकापी कुठे आहे? एका खात्याने शब्द बाटवला म्हणून भाषेने तो टाकून द्यायचा?

वहीखाते
फलक भाषेसाठी नाही, थकलेल्या डोळ्यांसाठी आहे. त्यांना ‘सीडिंग’ कळतं, कारण खिडकीवरचा माणूस तेच म्हणतो. खिडकीवर जाऊन ‘माझा आधार टोकून द्या’ म्हटलं तर फॉर्म मिळणार नाही. ‘डीबीटीसाठी (अनुदान थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा संमती फॉर्म’ म्हटलं तर मिळेल. त्यात नवी नोंद, दुसऱ्या बँकेतून इकडे आणणं आणि नोंद काढणं असे पर्याय असतात. पैसे दुसरीकडे जात असतील तर दुसरा पर्याय निवडून आधीच्या बँकेचं नाव लिहायचं. लोक पहिल्यावर खूण करतात, तिथेच घोळ होतो.

मसुदा
हे उपयोगी. मग फलकावर असं चालेल? ‘आधार बँकेत दिला म्हणजे सीडिंग झाले असे नाही. लाभार्थ्यांनी आपले पैसे कोणत्या बँकेत जमा होतात ते तपासावे.’

तळटीप
वाक्य छान. पण ‘लाभार्थी’ बदला. विद्यार्थी, परीक्षार्थी, प्रशिक्षणार्थी : अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, अजून न मिळालेला. लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. ज्याचा अर्ज मंजूर होऊन पैसे सुरू झालेत तो अर्थी कसा? ‘हक्कदार’ लिहा.

मुळाक्षर
हक्क अरबी, दार फारसी. वळतं चालत नाही आणि हक्कदार चालतं?

तळटीप
चालतं. दाखला, अर्ज, तहसील, हयात, सगळं तिकडूनच आलंय. ‘हयातीचा दाखला’ काढून ‘जीवन प्रमाणपत्र’ लिहिलं तर वर्षातून एकदा तो द्यायला लागणारी आजी चुकीच्या रांगेत उभी राहील.

पाभर
हक्कदार तर हक्कदार, पण हक्क कायद्याने ठरवून दिलेला असेल तिथेच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात आहे : अंत्योदय कार्डाला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. तिथेसुद्धा पुरवठा खात्याची भाषा ‘लाभार्थी’ आणि ‘इष्टांक’, म्हणजे किती जणांना द्यायचं तो ठरवून दिलेला आकडा. इष्टांक संपला की पात्र माणूसही बाहेर. हक्काला इष्टांक कसा असतो?

नारायण पेठी
त्यात केशरी कार्डाचा गोंधळ. केशरी म्हणजे धान्य मिळणारच, असं लोक धरून चालतात. शहरात ५९,००० च्या आतलं उत्पन्न आणि प्राधान्य यादीत नाव असेल तर मिळतं. बाकीच्यांचं केशरी नुसतं केशरी.

मुळाक्षर
‘रेशनकार्ड’ म्हणा किंवा ‘शिधापत्रिका’, पण निदान ‘शिधा’ तरी आपला. सिद्धपासून आलेला.

पाभर
सिद्ध म्हणजे तयार, शिजलेलं. शिधा तर कोरडा असतो, डाळ-तांदूळ-गूळ. उलटाच अर्थ झाला की.

मुळाक्षर
सिद्ध म्हणजे शिजलेलंच असं नव्हे, तयार ठेवलेलंही. मोजून बाजूला काढलेलं.

मसुदा
मजकूर उद्या छपाईला जातोय. लाभार्थी ठेवू की हक्कदार?

पाभर
मोजून बाजूला काढलेलं म्हणायचं तर ‘वाटा’ म्हणाले असते. शिजवून घ्यायचं ते सिद्ध, म्हणून शिधा, असं उलटं लावलं तर जमतं.

नारायण पेठी
तसं लावायचं तर पिठाच्या गिरणीलाही सिद्धपीठ म्हणावं लागेल.