मदत हवी आहे: आईसोबत एसटीने मराठवाडा, येसर आमटी-भाकरी कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी, हिवाळ्यात आईला घेऊन मराठवाड्यात फिरायचं ठरतंय. आई मूळची उदगीरकडची, लग्न होऊन रत्नागिरीला आली आणि आता तिकडे माहेरचं कुणी उरलं नाही, त्यामुळे राहणं लॉजवर आणि खाणं सगळं बाहेरच. रूट साधारण असा: संभाजीनगर, परळी, अंबाजोगाई, लातूर, उदगीर, शेवटी नांदेड. एसटीत आम्हा दोघींनाही हाफ तिकीट आहे म्हणून प्रवास स्वस्तात होईल, पण जेवणावर माणशी दिवसाला ३०० च्या वर जाता येणार नाही.

अडचण अशी की नेटवर शोधलं तर सगळीकडे पनीर आणि काजू करी, आईला जे हवंय ते कुठल्याच मेनूकार्डावर नाही. तिला काळ्या तिखटातली येसर आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) हवी, त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून, सोबत बुक्कीने फोडलेला कांदा. दह्यासोबत धपाटे हवेत. आणि सुशीला! घरी अजून करते ती, चुरमुरे भिजवून लगेच घट्ट पिळायचे, कांदा मिरची शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळव्याचं कूट घातलं की कसे मोकळे मोकळे होतात, पण तिला तो लातूरच्या गाड्यावर उभं राहून खायचाय म्हणे.

तर असं जेवण देणाऱ्या खानावळी स्टँडपासून चालत जाण्यासारख्या आहेत का? आईचे गुडघे दुखतात, रोज रिक्षा परवडणार नाही. आणि मला एकटीला नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खायचाय, आई मटण खात नाही, तर संभाजीनगरात दोघींची सोय एका जागी होईल का? प्लीज सांगा, तिची फार इच्छा आहे.

प्रतिसाद:
ताई, बिनधास्त या. मेनूकार्ड असलेल्या हॉटेलात जाऊच नका, 'घरगुती जेवण' पाटी बघून आत शिरा आणि सकाळीच सांगून ठेवा की दुपारी येसर आमटी पाहिजे, आमच्याकडं लग्नाच्या पंगतीतली आमटी आहे ती, रोज कुणी करत नाही पण सांगितलं तर करून देतात. सुशीला सकाळचा नाष्टा, उशिरा गेलात तर संपलेला असतो. लातूर-निलंगा भागात निलंगा राईस पण खाऊन बघा, स्वस्त आणि पोटभर. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, पैसे लागत नाहीत, फक्त डोकं झाका, आईंना खाली बसायला जमत नसेल तर सेवेकऱ्यांना सांगा. नान खलिया आणि शाकाहारी एका जागी अवघड आहे, आईंना आधी जेवू घाला मग तुम्ही जा.

एक मात्र कॅलेंडरात बघा, मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं वेळ अमावस्या, म्हणजे शेतात जाऊन पूजा करून जेवायचा सण, लातूरचं मार्केट जवळपास बंद, सगळे शेतात. पण त्याच दिवशी भज्जी (भाज्या आणि शेंगदाणे-डाळींची मिसळ भाजी), आंबील, खीर असते आणि वाटसरूला पण हाक मारून जेवू घालतात. जमत असेल तर तारीख तीच धरा, आईंना विचारून बघा एकदा.

धागाकर्ती:
विचारलं, तारीख तीच धरायची म्हणतेय! उदगीरला आदल्या रात्री मुक्काम केला तर सकाळी बस मिळेल ना की त्या दिवशी गाड्या कमी असतात?