करवतीवर हातमोजे नकोत, आणि लाईटचं बटण बघा

वर एकांनी लाकूड कापताना घ्यायची काळजी लिहिलीय. त्यात टेबल करवतीवर (टेबलाच्या फटीतून वर आलेलं फिरतं गोल पातं) जाड हातमोजे घालायचा सल्ला दिलाय, तेवढा सोडून बाकी पटलं. फिरत्या पात्यात मोजा अडकला की तो बोटांसकट हात आत ओढतो. मोजे पातं बदलताना घाला, तेही मशीनची विजेची पिन काढून. गळ्यातला रुमालही आधी खुंटीला.

लाईटबद्दल मात्र कोणीच लिहिलं नाही. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत कापता कापता लाईट जाते, कारागीर चहाला निघतो, बटण चालूच राहतं. लाईट आली की मशीन आपोआप सुरू, आणि नेमकं तेव्हाच एखादं पोरगं पात्याजवळचा भुसा झाडत असतं. लाईट गेल्यावर स्वतः बंद पडणारा आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्टार्टर मिळतो. तो बसवून घ्याच.

दुसरं, बाभूळ. ओली बाभूळ चिरताना मागचा काप मिटतो आणि पातं चिमटीत सापडतं. पात्याचे मागचे दात वर येत असतात; ते फळी उचलून सरळ चिरणाऱ्याच्या पोटावर फेकतात. म्हणून पात्यामागची, काप उघडा ठेवणारी पोलादी पट्टी अडचण होते म्हणून काढू नका, पात्याच्या रेषेत उभं राहू नका. शेवटची वीतभर फळी काठीनेच ढकला.

आणि ग्राइंडरला (लोखंड घासायच्या-कापायच्या हातातल्या मशीनला) लाकडाचं दातेरी पातं लावणं तर बंदच करा राव! ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, झटका बसला की हातातून सुटून मांडीवर येतो.