प्रतिसाद: हांगचौ एशियाडमधली १०७ पदकं

२०२३ च्या हांगचौ (चीन) आशियाई स्पर्धेतली भारताची १०७ पदकं नेमबाजी नि तिरंदाजीमुळे फुगली, खऱ्या मैदानी खेळात आपण अजून मागेच, हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. अ‍ॅथलेटिक्समध्येच २९ मेडल्स आहेत हो, त्यातली ६ गोल्ड, नेमबाजीची २२ म्हणजे उलट कमीच. आणि आकडे सोडा, पारुल चौधरीची ५००० मीटरची रेस परत बघा एकदा, आदल्याच दिवशी स्टीपलचेस (अडथळे नि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची ३००० मीटरची रेस) धावून सिल्व्हर घेतलेली मुलगी, शेवटच्या सरळ पट्ट्यात जपानची हिरोनाका पुढे, आपण धरून चाललेलो की आता सिल्व्हरच, आणि ही आतल्या बाजूने अशी काही सुसाट सुटली नि गोल्ड घेतलं की मी खुर्चीवरून उठलोच, डोळ्यात पाणी आलं खरंच. आपला बीडचा अविनाश साबळे तर पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं १९.५० सेकंदांत स्पर्धेचा रेकॉर्ड करून गेला.

आणि तिरंदाजीला कमी का लेखायचं? नागपूरच्या ओजस देवतळेची तीन गोल्ड काय फुकट आलीत का? २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ७० पदकं होती, तिथून पाच वर्षांत इथवर आलोय, मनापासून कौतुक करूया की.