कोविडात गोल्फ खेळलो, ट्रॉलीही घेतली. यात लाज कसली?

बंकरातला बापू

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून गोल्फची ट्रॉली खाली आली. तीन चाकांची, ढकलायची. पुढच्या चाकाच्या आसात तेव्हाचं गवत अजून वाळून बसलंय. मुलीने विचारलं, कधी घेतली? म्हटलं, ऑगस्ट २०२०. "म्हणजे लोक ऑक्सिजनसाठी पळत होते तेव्हा तुम्ही हे घेत होतात?" ऑक्सिजनची पळापळ पुढच्या वर्षीच्या एप्रिलमधली, हे मी तिला सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि फडकं माझ्या हातात देऊन गेली.

ते "बरं" डोक्यातून जाईना, म्हणून इथे टाकतोय.

२९ जुलै २०२० चा राज्य सरकारचा, टाळेबंदी उठवण्याचा 'मिशन बिगिन अगेन'चा आदेश आठवतोय का कुणाला? ५ ऑगस्टपासून सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना परवानगी मिळाली: गोल्फ, टेनिस, मैदानी बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स, नेमबाजी आणि मल्लखांब. मल्लखांबाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गोल्फ वाचल्याबरोबर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "साहेबलोकांची सोय झाली" सुरू. हेच लोक बंद खोलीत पंखा लावून रात्री रमी खेळायचे, हेही मला माहीत होतं.

अहो, याच्याइतका सुटसुटीत खेळ कोणता? माझा बॉल मीच उचलणार. झेंड्याला हात लावायचा नाही, तो होलमध्ये ठेवूनच पट (होलजवळचा हलका फटका) मारायची मुभा नियमांनी २०१९ पासूनच दिलेली. पिशवी भरली की १२-१३ किलो होते, नियमाप्रमाणे १४ क्लब (म्हणजे काठ्या), वर पाणी, छत्री. ती उचलायला ठेवतात तो कॅडी. कॅडी नको, म्हणून ट्रॉली. वय ६२, घरात दम्याची पेशंट. मी नियम पाळला, चाललो, दुकानदाराला धंदा दिला. सांगा, चुकलं कुठे?

आळशी अजगर

चुकलं कुठे ते सांगतो. आम्ही लालबागला १० बाय १२ च्या खोलीत पाच जण. संडास मजल्याला एक, मास्क लावून रांगेत उभं राहायचो. धाकटा भाऊ गच्चीवर पतंग घेऊन गेला तर खालून शिट्टी वाजली. रस्त्यात दिसलेल्या पोरांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केले असतील, स्मायलीसकट.

मोकळी हवा औषधासारखी होती ना? मग ते औषध मेंबरशिप कार्डावर का मिळत होतं? तुम्ही नियम मोडला असं कुणीच म्हणत नाही. नियमच तुमच्या मापाचा शिवलेला होता.

बंकरातला बापू

अजगरराव, तेवढं खरं नाही. ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ चालणं, धावणं, सायकल सगळ्यांना खुलं होतं. गोल्फला त्यानंतर दोन महिन्यांनी परवानगी मिळाली.

आळशी अजगर

हो, कंटेनमेंट झोन सोडून. आमची चाळ कधी झोनच्या बाहेर होती ते विचारा.

लोखंड विकणे आहे

मी जिम चालवायचो. चालवायचो, भूतकाळ. ५ ऑगस्टला मॉल उघडले, गोल्फ उघडलं. जिम उघडल्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर. तोवर भाडं सहा महिन्यांचं थकलं होतं. डंबेल किलोवर विकले हो. रबर चढवलेले पाच-पाचचे जोड सोसायट्यांतले लोक स्कूटरच्या फळीवर ठेवून न्यायचे, खाली मान घालून, जणू चोरीचा माल. एकाने तर वजनकाटा आणला होता. माझा राग गोल्फवर नाही, बंद खोलीत धापा टाकणं धोक्याचं हे मलाही कळतं. पण ट्रॉली घेऊन "दुकानदाराला धंदा दिला" म्हणू नका, ऐकवत नाही.

मु. पो. एडिसन

इकडची गोष्ट सांगतो, न्यू जर्सी. इथे गोल्फ म्हणजे फक्त क्लबवाले असं नाही. काउंटीची मैदानं आहेत, ओळखपत्र दाखवलं की स्वस्तात खेळता येतं. आमच्या ग्रुपमध्ये शाळेचा बसड्रायव्हर आहे. गव्हर्नर मर्फींनी २ मे २०२० ला मैदानं उघडली. दोघांचाच गट, दोन गटांमध्ये १६ मिनिटांचं अंतर, बग्गीत (मैदानावरच्या छोट्या गाडीत) एकटाच माणूस. पहिल्या दिवशी पोचलो तर बंकरमधले (वाळूच्या खड्ड्यांतले) रेक गायब, बॉल धुवायच्या यंत्रावर काळी पिशवी, आणि होलमध्ये फोमची नळकांडी. पोहायला शिकणारी मुलं काखेत धरतात ती, कापून बसवलेली, म्हणजे बॉल आत न पडता वरच्या वर उचलता यावा. तलाव बंद असल्यामुळे ती नळकांडी तरी रिकामीच होती म्हणा. माझा एक लांबचा पट त्या फोमला लागून बाहेर उडाला. तो आत धरायचा की नाही यावर बायकोशी अजून वाद आहे. (आत होता.)

तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये मैदानं बंद होती, तर एप्रिलमध्ये तीन जण शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये खेळायला गेले. बाहेरच्या राज्याच्या नंबरप्लेटवरून पकडतील म्हणून वाटेत पार्किंगमध्ये गाडी बदलली. तरीही पकडले गेले. तेव्हा वेड सगळीकडे होतं.

आणि सामानाचं म्हणाल तर २०२० च्या एकट्या जुलैत अमेरिकेत सुमारे ३९ कोटी डॉलरचं गोल्फचं साहित्य खपलं, आधीच्या जुलैपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त. ढकलट्रॉली तर मिळेचना. मी वापरलेली, एक कप्पा तुटलेली ट्रॉली नव्याच्या किमतीत घेतली. लोकांना घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. बापूंना कशाला झोडता?

कुंदाताई ओटीवाल्या

एडिसनकर, तुमच्याकडे ट्रॉलीने बग्गीची जागा घेतली. आपल्याकडे ट्रॉलीने माणसाची घेतली. बापूंच्या पोस्टमधलं एक वाक्य कुणी पकडलंच नाही: "कॅडी नको, म्हणून ट्रॉली."

नाडीपरीक्षक

कुंदाताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी डॉक्टर आहे, तेव्हा कोविड वॉर्डात होतो, गोल्फ खेळत नाही. बापूंच्या खेळण्याला माझा आक्षेप नाही. उघड्यावर, अंतर राखून चालणारा माणूस बंद खोलीतल्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित, हे तेव्हा आम्हीच ओरडून सांगत होतो. आक्षेप आहे तो युक्तिवादाला. उघड्यावर धोका कमी म्हणून मैदान उघडा, हे मान्य. मग त्याच उघड्यावर, दहा पावलं मागे चालणाऱ्या कॅडीपासून धोका कसा वाढतो? हवा तीच, अंतर तेच.

पिशवीला हात लागतो म्हणाल, तर आपण तेव्हा दुधाच्या पिशव्याही साबणाने धूत होतो, मान्य. पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने लिहिलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण १० हजारांत १ पेक्षाही कमी. त्यानंतर किती जणांनी ट्रॉली माळ्यावर टाकून कॅडीला परत बोलावलं?

आणखी एक. पुण्यात २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० दरम्यान पाच प्रभागांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं, १,६६४ नमुने. ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. झोपड्यांमध्ये साधारण ६२ टक्के, आणि बंगल्यांमध्ये जवळपास ४४. म्हणजे त्या प्रभागांत बंगल्यांतलीही दहांतली चारहून जास्त माणसं विषाणूला भेटून आली होती. कॅडीला साहेबापासून किती धोका होता, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

बंकरातला बापू

डॉक्टर, आज सगळं उलगडल्यावर बोलणं सोपं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मला सीडीसीचा एप्रिल २०२१ चा कागद कुठून दिसणार? कॅडी मैदानावर सुटे चालतात, पण त्यांची बसायची शेड? तिथे ४० जण दाटीवाटीने नंबर लावून बसायचे, ते उघडं नव्हतं. शिवाय कॅडी नकोत हा निर्णय क्लबच्या कमिटीचा होता. मी एकटा काय करणार होतो?

माळ्यावरचा उंदीर

त्या वर्षी पालख्या एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. माउलींनी तक्रार केली नाही, आणि इथे ट्रॉलीवर महाभारत.

आळशी अजगर

उंदीरमामा, माउलींना त्या महिन्याचं भाडं भरायचं नव्हतं.

टॉवेल आणि बादली

मी कॅडी होतो, दहा वर्षं. कुठल्या मैदानावर ते नाही सांगत, पोटाचा प्रश्न आहे. पुतण्याने धागा वाचून दाखवला, म्हणून त्याच्याकडूनच टाइप करून घेतोय.

शेडमध्ये दाटी व्हायची हे साहेबांचं खरं आहे. पण शेड आम्ही बांधली नव्हती. चार ठिकाणी बसवलं असतं तर बसलो असतो, जागा काय कमी होती? एवढं मोठं मैदान.

नुसती पिशवी उचलणं म्हणजे कॅडी, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्येक फटक्यानंतर ओल्या टॉवेलने क्लबचं तोंड पुसायचं, खाचांतली माती काढायची, नाहीतर बॉल नीट उठत नाही. कोणता साहेब सात नंबरच्या क्लबने किती लांब मारतो ते आपल्याला पाठ पाहिजे, कारण तो स्वतः विचारतो तेव्हा वीस यार्ड वाढवून सांगतो. पावसात तर ग्रिप, म्हणजे क्लबची रबरी मूठ, कोरडी ठेवणं हेच मोठं काम. ऑगस्टमध्ये मैदान उघडलं ते भर पावसात. ट्रॉली काय ग्रिप पुसते का?

मार्चमध्ये घरी बसवलं. क्लबने दोनदा शिधा दिला, तांदूळ, डाळ, तेल. नाही म्हणत नाही. काही मेंबरांनी गूगल पेवर पैसे टाकले. मग हळूहळू सगळं थांबलं. आमच्याकडे पगार नाही, राउंड (खेळाची एक फेरी) झाला तर पैसे. आम्ही साठ-पासष्ट जण होतो, परत बोलावलं तेव्हा निम्मेच घेतले. बाकीच्यांना सांगितलं, आता मेंबरांकडे ट्रॉल्या आहेत. एक मेंबर मला भाजीच्या गाडीशी भेटले, कोथिंबीर बघत होते. मास्क हनुवटीवर ओढून विचारलं, "बरा आहेस ना रे?" मी दोन पावलं मागे सरकलो. माझ्या आईला शुगर आहे.

त्यांना वाईट म्हणायचं नाही. माणूस घाबरला की आधी दुसऱ्याला लांब करतो, मीही तेच केलं.

बंकरातला बापू

दादा, नाव विचारत नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझाही एक ठरलेला कॅडी होता, त्याच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो. लॉकडाउनमध्ये त्याला पैसे पाठवले होते.

लोखंड विकणे आहे

किती महिने?

बंकरातला बापू

दोन. मग राहिलं.

पण हेही लिहितो, मला परत तीच परिस्थिती आली तर मी खेळायला जाईन. चार महिने घरात बसून बायकोचा दमा आणि माझं डोकं दोन्ही बिघडली होती. पहिल्या दिवशी नऊ होल चालून आलो आणि रात्री गोळीशिवाय झोपलो. ते मी चूक म्हणणार नाही. कॅडीचं मात्र तुम्ही म्हणता तसं आहे. कमिटीच्या मीटिंगला मी होतो. ऑनलाइन. म्यूटवर.

मु. पो. एडिसन

बापू, निदान कबूल तरी केलंत. इथे म्यूटवर सगळं जगच होतं.

कुंदाताई ओटीवाल्या

टॉवेलदादा, तुम्ही आता काय करता?

टॉवेल आणि बादली

ग्रिप बदलतो, ताई. लॉकडाउननंतर बरीच नवीन माणसं खेळायला आली, आयटीतली पोरं जास्त. त्यांनी जुने सेट घेतले, कपाटात पडून पडून रबर कडक झालेले, हातातून सटकायचे. मी मोबाइलवर बघून शिकलो. वाकड्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरायची, खालची टेप खरवडून काढायची, नवीन दोन बाजूंनी चिकटणारी लावायची, त्यावर थिनर ओतून ग्रिप एका दमात सरकवायची. मध्ये थांबलात तर तिथेच अडकते, मग कापूनच काढावी लागते. पहिल्या दहांतल्या चार वाया गेल्या, पैसे खिशातले. आता बरं चाललंय. गोल्फवर राग धरून मला कसं परवडेल? पोट तिथेच आहे अजून.

राउंडला मात्र कुणी बोलावत नाही.

आळशी अजगर

दादा, सलाम. बापूंशी माझं भांडण चालूच राहील, ते वेगळं. बापू, ती ट्रॉली आता खाली आलीच आहे, तर विकणार का? गोल्फसाठी नाही हो. वडिलांना आता पाण्याचे कॅन जिन्यापर्यंत आणायला जड जातं.

टॉवेल आणि बादली

घेण्याआधी ब्रेक बघा. पडून राहिलेल्या ट्रॉलीचा आधी ब्रेकच जातो. उतारावर पाय लावून ठेवावी लागेल.

बंकरातला बापू

आत्ता जाऊन बघितलं. गेलाय.